रस्टिकेट कर दूँगा!

भीतीचं एक बरं असतं. वाटते त्या वेळी ती घास गिळू देत नाही, आणि म्हातारपणी तीच चहाबरोबर चघळायला मिळते. सुखाचे दिवस सांगायला बसलो की आम्हा मित्रांची गाडी दोन वाक्यांत थांबते. ‘मजा होती गड्या’ म्हटलं की संपलं! पण भ्यायचे किस्से काढा, एकाला धरून दुसरा येतो, दुसऱ्याला धरून तिसरा. घरातून जेवायच्या हाका येऊन जातात, तरी आम्ही उठत नाही.

आमच्या किस्स्यांत एक शब्द हमखास येतो. इंग्रजी शब्द आहे. रस्टिकेट! हल्लीच्या पोरांना विचारा, निम्म्यांना माहीत नसतो. आम्हाला इंग्रजीत धड नाव सांगता येत नव्हतं, तेव्हापासून हा येतो.

शाळा निजामाच्या राज्यातली, आपल्याच धाराशिव जिल्ह्यातली. तेव्हा उस्मानाबाद म्हणायचं. गावाचं नाव मी घेणार नाही. त्या लोकांची नातवंडं आहेत अजून तिथं, उगीच माझ्या दारात भांडायला यायची. शिकवणं सगळं उर्दूतून, इंग्रजीचा एक तास, आणि मराठी आपली खोलीवर भांडायला. शाळेच्या मागं बोर्डिंग होतं. एका खोलीत आम्ही तिघं: मी कळंबकडचा, दत्तू सोनारीचा आणि मल्लप्पा लोहाऱ्याच्या पलीकडचा. दत्तू आता पोराकडं कळंबला असतो, म्हणून भेटी होतात. मी सांगतो त्यात तो दुरुस्त्या करतो, आणि त्याच्या सगळ्या दुरुस्त्या खोट्या असतात!

* * *

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सगळी पोरं मैदानात रांगेनं उभी. निजामाच्या दीर्घायुष्याची दुवा चाललेली. अंगात शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी. माझी टोपी थोरल्या भावाची, कानापर्यंत यायची. दुवा संपायला आणि वारा यायला एकच गाठ पडली. टोपी उडाली, थेट सदरसाहेबांच्या पायाशी!

सदरसाहेब म्हणजे हेडमास्तर. हैदराबादचे कायस्थ. उंच, किडकिडीत, आणि डोळे असे की माणूस विचारायच्या आधीच कबूल करायचा. त्यांनी टोपीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“रस्टिकेट कर दूँगा!”

बस, एवढंच. पुढं चालू लागले. मी टोपी उचलली आणि डोक्यावर घालायची सोडून छातीशी धरून उभा राहिलो. काय करणार म्हणाले हे कळतच नव्हतं ना!

त्या संध्याकाळी बोर्डिंगात ह्याच्यावर मोठी चर्चा झाली. एक जण म्हणाला, बैलाला डाग देतात तसा दंडावर देत असतील. दुसरा म्हणाला, काळ्या पाण्याला धाडतात. दत्तू सगळ्यात शहाणा. तो म्हणाला, “इंग्रजी शब्द हाय म्हंजी सुई टोचत्यात.”

मल्लप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “काय बी करू द्या. शाळेतनं काढू नये म्हंजी झालं.”

दत्तूनं ट्रंकेतून भैरोबाच्या अंगाऱ्याची पुडी काढली आणि माझ्या कपाळाला बोटभर लावला. सोनारीचा काळभैरव त्याच्या घरासमोरच. कसलीही भीती असो, दत्तूचं औषध एकच.

* * *

अर्थ शेवटी आम्हाला बशीर मास्तरांनी सांगितला. ते इंग्रजी शिकवायचे. जाडजूड, पान खाणारे, आवाज मऊ. मलाच पुढं ढकललं सगळ्यांनी. “मास्तर, रस्टिकेट म्हणजे काय?”

मास्तर हसले. खुर्चीत ऐसपैस बसले. “सुनो बेटे. ये लफ्ज लॅटिन का है. मूळ शब्दाचा अर्थ खेडं, देहात. विलायतेत जुन्या काळी मोठ्या घरची पोरं कॉलेजात मस्ती करायची. दारू, जुगार. मग कॉलेज त्यांना टर्मपुरतं गावी धाडायचं. जा, शेतावर जाऊन डोकं थंड करून या. त्याला म्हणायचे रस्टिकेट करणं. पोरं गावी जायची, घोडे उडवायची, शिकार करायची, चार शेर वजन वाढवून परत यायची!”

सगळा वर्ग हसला. ही कसली शिक्षा, ही तर सुट्टी! दत्तू उभा राहून म्हणाला, “मास्तर, मंग आमाला कुठं धाडत्याल? आमी तर आलोयच खेड्यातनं.”

आम्ही आणखी हसलो. पण मास्तर हसायचे थांबले होते. त्यांनी खिडकीशी जाऊन पान थुंकलं, परत आले.

“तिकडं टर्मपुरतं असतं. इथं हुकूम निघाला की सगळ्या शाळांना कळवतात. मग आला हजरत निजामसरकारांच्या अख्ख्या मुलखात कुणी वर्गात बसू देणार नाही. तुम्हाला खेड्यात धाडतात बेटा, ते कायमचं.”

मी मल्लप्पाकडं पाहिलं तर त्याचा चेहरा पांढरा झाला होता.

त्याचं कारण आम्हा दोघांना ठाऊक होतं. मल्लप्पाच्या गावात उर्दू वाचणारं माणूसच नव्हतं. सरकारी कागद आला की पंचमंडळी त्याच्याभोवती बसायची आणि घाबरून नुसती बघत राहायची. साधा कागद असला तरी दोन दिवस चुली धड पेटायच्या नाहीत. म्हणून गावानं ठरवून लिंगायताचं हे हुशार पोर शिकायला धाडलं होतं. त्याची आई दर सुट्टीत विचारायची, “मॅट्रिक कवा रे होतोस?” तो मॅट्रिक होणं ही त्याची एकट्याची गोष्टच नव्हती.

* * *

बशीर मास्तरांची एक खोड होती. नवा शब्द शिकवला की प्रत्येकानं तो वापरून वाक्य करायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्टिकेट दिला.

मी उठलो. भीत भीत इंग्रजीत म्हणालो, सदरसाहेब मला रस्टिकेट करतील.

दत्तू उठला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, सदरसाहेब ह्यालाच रस्टिकेट करतील, मला नाही.

पुढचा म्हणाला, सदरसाहेबांनी माझ्या भावाला रस्टिकेट केलं. त्याच्या पुढचा, सदरसाहेब रोज रस्टिकेट करतात. सगळ्या वर्गाची गाडी सदरसाहेबांवरच! मल्लप्पाचं वाक्य तेवढं वेगळं. मॅट्रिक होईपर्यंत मला कुणी रस्टिकेट करू नये.

एवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. वळून पाहतो तर सदरसाहेब! किती वेळ उभे होते देव जाणे. बशीर मास्तरांच्या तोंडातलं पान तिथंच राहिलं.

सदरसाहेबांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली आणि शुद्ध उर्दूत म्हणाले, “व्याकरण सगळ्यांचं बरोबर आहे. पुढच्या वेळी माणूस दुसरा घ्या.”

आणि गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्या वाक्यांत फक्त गायी आणि म्हशी यायच्या.

* * *

सुट्टीत हा शब्द आम्ही आपापल्या गावी नेला. आता गावाकडं नवा शब्द गेला की तो काय करायचा ते गाव ठरवतं.

सोनारीला देवळाभोवती माकडं लई. दत्तूच्या आईच्या हातातली भाकरी एका माकडानं पळवली. दत्तू घरात इंग्रजी झाडत होताच. माऊली काठी घेऊन माकडामागं धावली, “थांब मुडद्या, तुला रस्टिकेटच करते!”

तिथून तो शब्द गावभर झाला. सासू सुनेला म्हणायची, नीट कर न्हायतर रस्टिकेट करीन. बाजारात कुणी म्हातारा बैल विकला की विचारायचे, “काय पाटील, केला का रस्टिकेट?” दत्तूच्या म्हणण्याप्रमाणं देवळाच्या पुजाऱ्यानंही एका भुताला रस्टिकेट केलं. हे मी खरं धरत नाही.

माझ्या गावी मात्र हसण्यावारी गेलं नाही. वर्ष आलं सत्तेचाळीसचं. हद्दीपलीकडं, हिंदुस्थानातल्या बार्शीला तिरंगा लागला, आणि इकडं रस्त्यांवर खाकी कपड्यांतली बंदूकवाली माणसं फिरायला लागली. पोलीस नव्हेत, त्यांच्यापेक्षा वाईट. त्यांचं खरं नाव आम्ही तेव्हा तोंडानं घेत नव्हतो, आजही जीभ वळत नाही. खाकीवाले म्हणायचो. शेजारच्या गावच्या गंजी पेटल्या, आणि आमच्या गावानं दुसऱ्याच दिवशी गाड्या जुंपल्या. बायका, पोरं, जातं, भांडी, शेरडं, सगळं बार्शीकडं.

आमच्या शेजारची सखूकाकू गाडीत बसायला तयार होईना. उंबऱ्यावर बसून राहिली. शेवटी माझ्या वडलांनी हाताला धरून उठवली तेव्हा मला म्हणाली, “बाबा, तुझ्या त्या शब्दावानी झालं बघ. आख्खं गावच रस्टिकेट झालं.”

मी शाळेत परत आलो. बोर्डिंगात निदान भिंती होत्या आणि दाराला कडी होती.

* * *

खाकीवाले बोर्डिंगात आले ते भर दुपारी. आम्ही जेवून उठत होतो. पाच-सहा जण असतील. पुढारी एक तरणाच माणूस होता, मिशा नुकत्या फुटलेल्या. हद्दीपलीकडच्या लोकांच्या चिठ्ठ्या पोरांकडून इकडं येतात असा त्यांचा संशय. ट्रंका उपड्या केल्या, गाद्या फाडल्या. सदरसाहेब त्या दिवशी तालुक्याला गेलेले. बशीर मास्तर तेवढे धावत आले.

दत्तूच्या ट्रंकेत पुडी सापडली. पुढाऱ्यानं उघडून हुंगली. “ये क्या है? बारूद?”

दत्तूची बोबडी वळली. “न्हाय साहेब. भैरोबाचा अंगारा हाय. भ्या वाटलं की लावतो.”

“अब लगता है डर?”

“लई लागतंय साहेब!”

“तो लगा ले.”

आणि दत्तूनं आख्खी पुडी तोंडाला फासली! कपाळ, गाल, नाक, मिशा नव्हत्या तिथं मिशा झाल्या. खाकीवाले हसायला लागले. आम्हालाही हसू आलं असतं, पण त्यांच्यातल्या एकाचा हात मल्लप्पाच्या गळ्याशी गेला होता.

मल्लप्पाच्या सदऱ्याखाली दोरा होता आणि दोऱ्यात चांदीची डबी. लिंगायतांच्यात ती असतेच. जन्मल्यावर बांधतात, मरेपर्यंत उतरवत नाहीत. आत इष्टलिंग असतं, आणि त्याला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. आम्ही इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, पण मी कधी त्या डबीला बोट लावलं नव्हतं.

“डिबिया खोल. चिठ्ठी इसी में है.”

“न्हाय,” मल्लप्पा म्हणाला.

तुम्हाला त्या काळातलं सांगून कळायचं नाही. बंदूक घेतलेल्या माणसाला ‘न्हाय’ म्हणणारं आमच्यात दुसरं कुणी नव्हतं. खाकीवाल्यानं डबी ओढायला हात घातला. मल्लप्पा भ्याला की त्याच्या तोंडून कानडी यायची. “बेडा! बेडा!” तो दोन्ही हातांनी डबी छातीशी दाबून ओरडायला लागला. नको, नको! खाकीवाल्यानं बंदुकीचा दस्ता वर उचलला. मी डोळे मिटले.

बशीर मास्तरांचा आवाज आला. “ठहरिए जनाब! हाथ मत लगाइए. वो खुद दिखाएगा.”

मग ते मल्लप्पाजवळ गेले आणि मराठीत म्हणाले, “बेटा, तू सकाळी पूजा करतोस ना? तशीच कर. तुझ्या हातानं, तुझ्या तळहातावर. त्यांना नुसतं बघू दे.”

मल्लप्पानं रांजणाच्या पाण्यानं हात धुतले. खाली मांडी घातली. डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्याच्याकडं एकटक बघत बसला. ओठ हलत होते. खोलीत सगळे उभे, त्याच्या हाताकडं बघत. माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि तो आवाज मलाच ऐकू येत होता.

पुढारी वाकून बघत राहिला. डबीत चिठ्ठी नव्हती, काहीच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “बंद कर.”

ते निघाले. पण दारातून तो परत वळला.

“नाम क्या तेरा? गाँव कौन सा?”

मल्लप्पानं सांगितलं. ते सांगितलं आणि बशीर मास्तर भिंतीला टेकले. त्यांनी तोंड पुसलं. पोराचं नाव-गाव आता खाकीवाल्यांकडं गेलं होतं. संध्याकाळी दत्तूनं तोंड धुतलं तरी कानामागं राख राहिली होती, त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

* * *

आता शेवटचा. हा किस्सा आम्ही दोघांनीही पाहिलेला आहे, तरी एकमेकांना सांगतो.

सदरसाहेब तालुक्याहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात रांगा लागल्या तर फाटकाबाहेर खाकीवाले उभे! तोच तरणा पुढारी आणि चौघं जण. आत येत नव्हते. नुसते उभे होते. मल्लप्पा माझ्या शेजारी होता. त्याच्या शेरवानीची बाही माझ्या हाताला लागत होती. “शाळेत आलेत का रे ते?” तो विचारत होता. मी म्हणालो, “न्हाय, आत येत न्हाईत.” सदरसाहेब हजर असताना शाळेच्या आत हात घालायचा नाही, एवढा सदरसाहेबांचा दरारा त्यांनाही होता. आत आहे तोवर मल्लप्पा वाचला, असा माझा हिशेब.

दुवा संपली. सदरसाहेब पुढं आले आणि त्यांनी मल्लप्पाचं नाव घेतलं.

“तुझं नाव शाळेतून कमी केलं आहे. रस्टिकेट.”

मला कळेचना मी काय ऐकलं. त्या माणसाचा मला इतका संताप आला, इतका, की उचलून दगड घालावा! अरे, फाटकात लांडगे उभे आहेत आणि तू पोराला बाहेर काढतोस? पण घालतोय कशाला. दत्तू रडायला लागला होता.

आमच्याकडं रस्टिकेट करायची एक रीत होती. ज्याला काढलं त्यानं सगळ्यांसमोर टोपी काढून सदरसाहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि बोडक्या डोक्यानं फाटकातून जायचं. बोडकं डोकं दिसलं की गावात पोरंसुद्धा ओळखायची, हा काढलेला. दुकानदार पाणी विचारत नसत. मल्लप्पा गेला, टोपी ठेवली. त्याला रडूही येत नव्हतं. फाटकाकडं चालू लागला.

“रुको,” सदरसाहेब म्हणाले.

ते टेबलामागून निघाले आणि त्याच्या पाठोपाठ चालत गेले. चपराशानं फाटकाशी टांगा आणून उभा केला होता. आम्ही रांगा मोडून भिंतीकडं धावलो. कुणी अडवलं नाही.

पुढाऱ्यानं मल्लप्पाचा दंड धरला. “लड़का हमारे हवाले कीजिए. अब आपके स्कूल का नहीं है.”

“बाप के हवाले करूँगा. कायदा है,” सदरसाहेब म्हणाले.

असा कायदा मी त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

“कौन सा कायदा?” पुढारी पुढं सरकला. बंदूक त्याच्या खांद्यावरून हातात आली. मी दत्तूचा हात धरला, का त्यानं माझा धरला, ह्यावर अजून वाद आहे.

सदरसाहेबांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. टोपी उडाल्यावर माझ्याकडं पाहिलं होतं ना, अगदी तसंच.

“मदरसे के दरवाजे पर खड़े होने का ये कौन सा तरीका है? टोपी सीधी करो!”

आणि त्यानं केली! देवाशप्पथ सांगतो, बंदूक काखेत धरून त्यानं दोन्ही हातांनी टोपी सरळ केली. तेवढ्यात मल्लप्पाचा दंड सुटला आणि सदरसाहेबांनी पोराला टांग्यात चढवलं. स्वतः शेजारी बसले. खाकीवाले फाटकातच एकमेकांकडं बघत राहिले.

टांगा निघाला. जाता जाता सदरसाहेबांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढून मल्लप्पाच्या डोक्यावर ठेवली. मी त्यांना बोडकं कधी पाहिलं नव्हतं. मागं टक्कल होतं.

गावाबाहेर ओढ्यापाशी दोन रस्ते फुटतात. फाटकातून नाही, पण भिंतीवरून ते साफ दिसायचं. एक लोहाऱ्याकडं, मल्लप्पाच्या गावाकडं. दुसरा बार्शीकडं. बशीर मास्तर कधी आमच्या मागं येऊन उभे राहिले होते कळलं नाही. ओढ्यापाशी टांगा जरासा थांबला, आणि वळला.

दत्तू भिंतीवर पुरता ओणवा झाला. “आरं, लोहारा तर हिकडं ऱ्हायलं की!”

बशीर मास्तरांनी मागून त्याच्या तोंडावर हात ठेवला.